रुवीतली ऑर्डर

चोवीस कपकेक, वर चोवीस कासवं.
शम्साचा पाचवा वाढदिवस.
केशर तिच्या आईने पाठवलेलं, पुडीत मोजून;
वेलदोडा मी माझ्या मनाने घातला.
पिस्त्याच्या क्रीमची पाठ, डोळ्यांना तीळ.
एकाचे डोळेच राहिले.
असू दे म्हटलं, झोपलंय.

लिफ्टपासून गाडीपर्यंत चाळीस पावलं,
बाहेर सत्तेचाळीस अंश.
अल खुवैरच्या सिग्नलला झाकण उचललं:
पाठी घसरलेल्या, पाय फाकलेले,
सगळी डब्याच्या एकाच कोपऱ्याकडे निघालेली.

दारात मी माफीचं अरबी जुळवत उभी.
शम्सा ओरडली, "बहर! बहर!"
मला आधी आंब्याचा वाटला.
तिचा तो समुद्र.

आई हसली नाही. पैसे मोजून दिले.

डबा संध्याकाळी परत आला,
रिकामा नाही:
झोपलेलं तेवढं
तिने उठवलं नव्हतं.