कमरेत दोन इंच

परकारचाचा मध्यरात्री आला. शटर अर्धं वर.
बगलेत पिशवी, पिशवीत निळा पोशाख.
"कमरेत दोन इंच सोड," म्हणाला,
"आणि गुडघ्यांना आतून अस्तर लाव."

तो निवृत्त झाला तेव्हा सतव्यात सावली फुकट होती.
आता कोपऱ्याकोपऱ्यावर मीटर:
मिनिटाला तीन फिल्स, भिंतीला टेकलात तर पाच.
पलीकडे घुमटाखाली त्यांचं शहर गारेगार,
त्याचा गरम उच्छ्वास आमच्या गल्लीत.

याच माणसाने पडती क्रेन झेलली होती,
चौदा प्लास्टरवाल्यांसकट.
वडील सांगायचे, उतरल्यावर त्याने आधी पाणी मागितलं.
मग पेन्शन मिळाली, उडायचा परवाना जमा झाला.

मी टेप धरली. छाती उतरलेली,
पोटावर इन्सुलिनचे ठिपके.
आकडे वहीत लिहिताना त्याने मान फिरवली.

"नऊ नंबर कॅम्पची हवा बंद केलीय," एवढंच बोलला.
"थकबाकी म्हणे. आत दोनशे माणसं."

शिवण उसवली तर आत मूळचा निळा निघाला,
इतका गडद
की बाकीचा पोशाख एकदम विटका दिसला.
इस्त्री फिरवूनही तो फरक जाईना.

"किती झाले?"
"परत आल्यावर द्या, चाचा."
"उधारी नको." नोटा मोजून ठेवल्या,
सुटे मात्र घ्यायला विसरला.

लिफ्ट बंद. गच्चीचा जिना तो थांबत थांबत चढला,
प्रत्येक मजल्यावर खोकला.
वरच्या दाराची कडी वाजली.
मग बराच वेळ काहीच नाही.