क्योसेगला अकरा वाजता

ज्योरच्या फलाटावर ते माझ्याआधी हजर.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा उकडलेली अंडी,
पुडीत मीठ, पुडीत पाप्रिका.
"पासष्टीनंतर आम्हाला तिकीट नाही," तिसऱ्यांदा सांगितलं,
जणू ही रेल्वे त्यांनी मला फिरवायलाच काढलीय.
वॅगनच्या कारखान्यात एकतीस वर्षं चाकं घडवली त्यांनी,
पण एका डब्यात समोरासमोर आम्ही पहिल्यांदाच.

नऊ वर्षांची असताना
बाबांना अरे-तुरे करणं थांबलं.
आता चव्वेचाळिसाव्या वर्षी
वाक्यं अशी जुळवते
की क्रियापदाला माणूसच लागू नये:
कॉफी घ्यायची?
खिडकी लावायची का?
गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर?

गाव सीमेलगतचं, पलीकडे ऑस्ट्रियाचे डोंगर.
एका गल्लीतली घरं करवतीच्या दात्यांसारखी तिरपी,
प्रत्येकाच्या कडेला एक चिंचोळी खिडकी.
शत्रू भिंतीलगत आला तरी दिसावा म्हणून, असं म्हणतात.
बाबा पाहत राहिले.
"कामगार चुकला असेल," म्हणाले, "मग गोष्ट रचली."

तेवढ्यात घंटा वाजल्या.
त्यांनी मनगट वर केलं, चुकचुकले,
आणि काटे ओढून बारावर आणले.
घंटा म्हणजे मध्यान्ह, देशभर असंच असतं.

रात्री राहणार होतो त्या घरच्या सिदोनियाबाई हसून हसून बेजार.
"अहो, आमच्याकडे अकरालाच वाजतात!
पंचवीस दिवस तुर्कांचा वेढा होता,
उठून गेले ते सकाळी अकराला."
"आणि अजून वाजवता?"
"वाजवणार तर. गेले ना!"

बाबांनी घड्याळ मागे घेतलं नाही.
"गावात आहोत तोवर गावाची वेळ."

कुणी निघून गेलं म्हणून घंटा वाजवणारं गाव.
आमच्या घरातून माणूस गेला त्या सकाळी
आईने नळ सोडला, बटाटे धुवायला घेतले.
फार वेळ धुतले.

किल्ल्यात काचेखाली द्राक्षाचे कोंब:
दर एप्रिलात फुटलेले, दरवर्षी रंगवून ठेवलेले.
माझ्या जन्मसालापाशी बाबा बराच वेळ थांबले,
चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
त्यानंतरच्या नवव्या वर्षापाशी मात्र
त्यांना अचानक तहान लागली.

रात्री दोन पलंग, मध्ये हातभर अंतर.
ग्लासात त्यांची कवळी.
ते घोरू लागले.
ओळखीचं वाटेल म्हणून मी ऐकत राहिले.
नाही वाटलं.

रविवारी त्यांनी घाई घाई केली.
बॅग उचलली, वाटेत दोनदा मनगट पाहिलं,
लंगडत माझ्या पुढे.
काटे तासभर पुढे आहेत, हे ते विसरले होते.
मला आठवत होतं.
मी बोलले नाही.

स्टेशनात कुणी नाही. एक बाक, एक सायकल.
त्यांनी शेवटचं अंडं काढलं.

"किती वाजले होते तेव्हा?"
कशाबद्दल ते मी म्हटलं नाही, त्यांनी विचारलं नाही.
टरफलाची एकेक खपली वर्तमानपत्रावर नीट मांडत गेले.
"पाच. पाचला थोडे कमीच.
बूट हातात घेतले, जिन्यात चढवले.
तुझी झोप मोडू नये म्हणून."

मी जागी होते.
त्या जिन्यातला दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझायचा,
टक् असा आवाज व्हायचा,
की पुन्हा बटण दाबायचं.
तीन मजले उतरायला एकदा दाबलं तरी पुरायचं.

"तू तो दिवा चारदा लावलास,"
मी म्हणाले.

बाबांनी अंडं बोटांनीच चिरलं, वेडंवाकडं.
मोठा तुकडा माझ्यापुढे केला.
मीठ संपलं होतं, पाप्रिका होती.

गाडीला अजून चाळीस मिनिटं होती.
त्यांच्या घड्याळात
ती केव्हाच निघून गेलेली.