कांडी

वडगावात आमच्या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी.
भरमाण्णा पहाटे येतो, खांद्यावर लोखंडी चावी,
रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण पायानं सरकवतो,
चौदा फेरे मोजतो तोंडातल्या तोंडात, कन्नडात,
आणि आमच्या नळाला खोकला येतो.

मी मोटर लावते. सगळेच लावतात.
टाकी भरली की माग चालू.
दीड दिवसाला एक साडी.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
त्याला काय माहीत गल्लीत काय चाललंय.

गेला महिनाभर कांड्या उशिरा यायला लागल्या.
दिलशादबी भरते त्या, वरच्या टोकाला, चढावर,
सायकलच्या चाकावर.
आठला येणारं डबडं अकराला.
माग उभा, मी उभी,
शहापुरातनं शेठजींचा फोन.
मी म्हटलं, हिला आता काम नको झालंय.
म्हटलं, सूतच वाईट. म्हटलं, लाइट.
भरमाण्णालासुद्धा दोन शब्द ऐकवले, सवयीनं.

तो रागावला नाही. म्हणाला,
"वैनी, चावी माझ्या हातात हाय, पाणी न्हाई.
या की जरा वरपतूर."

गेले, पदर खोचून, चप्पल न घालता.
दिलशादबीच्या नळाखाली घागर
आणि घागरीत नुसता हवेचा आवाज,
कुणीतरी खूप लांबून पाणी ओढून घेत असल्यासारखा.
चाक भिंतीला टेकलेलं.
"तुमच्या मोटरी बंद झाल्या की येतंय,"
वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं ती म्हणाली.
"मग कांड्या."

भरमाण्णा दुसरीकडं बघत होता.

मी उतारावरून खाली आले.
राकसकोप भरलं होतं, पेपरात फोटो होता.
हिंडलग्याचे पंप चालू होते.
लाइट होती. सूत चांगलं होतं.
माझीच मोटर माझा माग थांबवत होती
आणि मधे एक बाई,
जिला मी महिनाभर आळशी म्हणत होते.

पुढच्या पाळीला मी बटणाला हात लावला नाही.
फार काही घडलं नाही.
शेजारच्या सांबरेकरांची मोटर जास्तच जोरात घुमली,
माझी टाकी अर्धी, नवऱ्याचं तोंड वाकडं.
दुपारी वाटीत कुंदा घेऊन सांबरेकरीणबाईंकडं गेले.
बोलायचं ते बोलायला तीनदा विषय बदलावा लागला.
त्या म्हणाल्या, बघू.
आमच्या गल्लीत 'बघू'चा अर्थ
पाचव्या दिवशीच कळतो.

काल डबडं साडेनऊला आलं.
एका कांडीवर ओल्या बोटाचा डाग.
तशीच धोट्यात घातली.
आता साडीत कुठंतरी आहे तो, वीतभर,
निऱ्यांत जाईल की पदरात, कुणास ठाऊक.
नेसणारीला दिसायचा नाही.