टोक खाली

आर्डिथ शेलँड सोमवारीच यायची,
कारण शुक्रवारी टाकलेलं पार्सल
रविवारभर कुठल्याशा गोदामात कुडकुडतं
आणि त्याची कुणालाच लाज वाटत नाही.

मी खिडकीत. नियमाप्रमाणे विचारायचो:
नाजूक, पातळ, नाशवंत, काही घातक?
हातमोजे काढत ती म्हणायची,
नाजूक, हो. पातळ, आतून.
नाशवंत की नाही ते, लाइल,
तुम्हा लोकांवर आहे.

बारा अंडी. बकाय जातीच्या तांबड्या कोंबड्यांची,
सासऱ्यानं राखलेला वाण.
एकेकीला फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचं पांघरूण,
वर तारीख पेन्सिलीनं,
शाई म्हणे कवचातून आत उतरते.
खोक्यात खोकं, मधे लाकडाचा भुसा.
मग कानाशी धरून हलवायची, एकदाच, हळू.
जराही वाजलं तर घरी परत,
पुन्हा सगळं पहिल्यापासून.

प्रत्येक अंड्याचं टोक खाली, बूड वर.
बुडाशी हवेचा कप्पा असतो नखाएवढा,
पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं.
खोकं आपटलं की तो सुटतो
आणि गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा
इकडून तिकडे हिंडत राहतो.
अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तेव्हापासून मी खोकी टाकत नाही, ठेवतो.
तिचीच नाही. लोकांचे टायरसुद्धा.

एकदा विचारलं, आत जीव आहे का?
तिनं सुटे पैसे मोजले.
आहे. पण अजून सुरू नाही झालेला.
गारव्यात आठवडाभर थांबतो.
आपल्याला नाही जमायचं.

मार्चात, नदीवरचा बर्फ तडकायच्या सुमारास
तिच्या खुराड्यात मिंक शिरला.
भूक भागली तरी तो थांबत नाही.
सव्वीस कोंबड्या, दोन कोंबडे,
सरपणासारखे एकावर एक रचलेले.

त्या सोमवारी ती आली नाही.
पुढच्याही.

पावत्यांच्या वहीत सात वर्षांचे पत्ते होते.
मी ते उतरवून घेतले, हे नियमात बसत नाही,
म्हणून उतरवले नाहीत असं समजा.
नऊ कार्डं टाकली, तिकिटं माझ्या पैशांनी:
तांबड्या आहेत का अजून तुमच्याकडे?
चार परत आली.
एकानं प्रामाणिकपणे कळवलं, खाल्ल्या.
बाकीचे गप्प.

एप्रिलात न्यू मेक्सिकोहून एक खोकं,
युसेबिओ आर्चुलेटाचं.
सहा वर्षांपूर्वी त्याला गेलेल्या बारांतून
पाच उगवली होती.
खोकं तिचंच, जुनं, कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले,
आणि वर तिचे शब्द परक्या अक्षरात:
टोक खाली. आपटू नका. उन्हात ठेवू नका.

शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला.
वीस मैल खडीचा रस्ता, बैलगाडीच्या चालीनं,
मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवोत.

तिनं दार उघडलं. खोक्यावरचं वाचलं.
माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरंच झालं.
स्वयंपाकघरात दिवा मालवून
एकेक अंडं बॅटरीसमोर धरत गेली.
दोन तडकलेली. चौघांत बुडबुडा हिंडत होता.
सहांबद्दल काही बोलली नाही.

मी म्हटलं, लावायची ना मशीनमध्ये आता?

उद्या. लांबून आलीत, धक्का बसलाय त्यांना.
एक दिवस तशीच राहू देत, टोक खाली.
कुणी हात लावायचा नाही.

मग कॉफी ठेवली.
आणि माझ्यासाठी खुर्ची आणली,
ओढत नाही,
उचलून.