हातपंपाची खीळ

पंपाचा दांडा आम्हा तुर्कानांच्या वस्तीत, लोकालेच्या खाटेखाली.
खीळ तुर्क्वेल नदीपलीकडे, पोकोतांच्या चेमकेतपाशी.
थोरांच्या बैठकीत नाही ठरलं हे.
आम्ही सात पोरापोरींनी ठरवलं, बाभळीखाली,
एकाच बाटलीतलं कोमट पाणी पीत :
एकट्याला पाणी निघू नये, एवढाच कायदा.

म्हातारे हसले, ‘खिळीनं कुठं बंदुका थांबतात?’

थांबल्या नाहीतच.
परवा रात्री गुरं गेली. चेमकेतचा भाऊ गेला.
गोळी कुणाची, ते आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक
आणि कुणालाच नाही.

काल दांडा मांडीवर घेऊन बसून राहिलो.
ऊन डोक्यावर आलं. शेळ्या कोरडी डोणी चाटत होत्या.
लोकाले म्हणाला, ‘मी तरी आलो नसतो.’

मग ती आली. डोकं भादरलेलं, ओठ फुटलेले.
कुणाकडं न बघता
खीळ बसवली, दगडानं ठोकली,
जरा जास्तच वेळ ठोकली.

आधी गंजाचं लाल पाणी आलं.
ते आम्ही वाहू दिलं.

तिचा कॅन भरला तेव्हा
उचलू लागायला मी हात पुढं केला.
‘राहू दे,’ म्हणाली.
‘उद्या लवकर या. दोन शेळ्या व्यायल्यात.’