साखळीचं पुढचं टोक

(कॅन्सस, १८७०)

पुढचं टोक माझ्या हातात,
मागचं डेल्बर्ट स्ट्राउडच्या.
मधे सहासष्ट फूट. शंभर कड्या.
तो मागून ओरडतो, "ठोक!"
मी लाल चिंधीची सळई रोवतो, म्हणतो, "ठोकली."
उजाडल्यापासून एवढंच आमचं बोलणं.
त्याच्या अंगावर अजून तोच करडा कोट,
फौजेची बटणं तेवढी उपटलेली,
त्यांच्या जागी रानझाडाचे लांब काटे.
साहेब म्हणतात, दोघं सरळ रेषेत चाला,
बाकी मला काही नको.

आईला साखळी या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता.
मेरीलँडपासून चार्ल्सटनपर्यंत
ती त्या अर्थातून चालत आली होती.
डाव्या घोट्याभोवती कातडीचं कडं पडलेलं,
थंडीत ते पांढरं दिसायचं.
तिला मी कसं सांगणार होतो
की तुझ्या लिटलटनला साखळी ओढायचे
दिवसाला सव्वा डॉलर मिळतात,
वर खारवलेलं डुकराचं मांस आणि कॉफी.

हिशोब मी कुणाला न विचारता शिकलो:
वीस साखळ्या लांब, वीस साखळ्या रुंद
म्हणजे चाळीस एकर.
बेटावर आम्हाला तेवढेच दिले होते, लढाई संपता संपता.
मोजले नव्हते कुणी.
ओढ्यापासून त्या वाकड्या ओकपर्यंत तुमचं,
सार्जंट म्हणाला, आणि घोडा वळवला.
मका कमरेला लागला
तेव्हा जुना मालक आला, माफीचा कागद घेऊन.
ओक तसाच वाकडा होता.

म्हणून इथे मी मोजतो. नीट मोजतो.
गवत छातीपर्यंत, त्यात दडलेले साप,
तरी एक कडी ढिली पडू देत नाही.

व्हर्डिग्रिस नदीच्या अलीकडे, सप्टेंबरात,
रेषा एका म्हातारीच्या अंगणातून गेली.
ओसेज बाई. भोपळ्याच्या पट्ट्या विणून
तिने चटईसारख्या काठ्यांवर वाळत घातलेल्या.
साहेबांनी होकायंत्रातून पाहिलं, हात खाली केला.
मधूनच.
मी साखळी उचलून काठ्यांवरून पलीकडे नेली,
भोपळ्याला धक्का लागू दिला नाही.
एवढं मी केलं. ते आधी सांगतोय,
कारण पुढचंही सांगायचंय.

ती उठली आणि साखळीवर पाय ठेवला.
"ताण!" डेल्बर्ट मागून ओरडला.
हाताला ओढ लागली, पण त्याच्या टोकाकडून नाही,
मधून कुठून तरी.
ती काहीतरी म्हणाली, एकदाच, आवाज न चढवता.
आमच्यात कुणालाच तिची बोली येत नव्हती.
कुणी विचारलंही नाही, काय म्हणाली.
साहेब माझ्याकडे बघत राहिले.

मी ओढली.

संध्याकाळी साहेबांनी वही भरली.
मला आता अक्षरं लागतात, खांद्यावरून वाचलं:
माती काळी, प्रत दुसरी. झाडं नाहीत.
बाई नव्हती त्यात. भोपळा नव्हता.
सळया मोजल्या तर अकराच्या दहाच भरल्या.

पहाटे शोधायला मलाच पाठवलं.
सळई तिच्या मांडवात होती,
लाल चिंधीसकट आडवी खोचलेली,
तिच्यावर एक ओली पट्टी.
म्हातारी चुलीशी होती, मान वळवली नाही.
कुत्रं भुंकत राहिलं. मी थोडा वेळ उभा होतो,
नक्की किती, ते मोजलं नाही.

परत जाऊन म्हणालो, गवतात हरवली.
पंचवीस सेंट कापले.
डेल्बर्टने पहिल्यांदा जवळून माझ्याकडे पाहिलं,
मग काटा खुपसून कोट बंद केला.
त्याच्या मनात काय होतं, कुणास ठाऊक.

अजून सत्तावीस मैल जायचं आहे.
अकरावी सळई मी विलोच्या फांदीची तासून घेतलीय.
ती या मातीत
पहिल्या घावात जात नाही.