मुक्त शिल्लक

सभा पाचची. सुरू झाली पावणेसहाला,
मिरजेत, शाळेच्या दुसरीच्या वर्गात,
गुडघे छातीला टेकतील अशा बाकांवर
आम्ही सात विश्वस्त.
अध्यक्ष आडमुठे सरांनी पासबुक उंच धरलं:
चार लाख बारा हजार!
टाळ्या झाल्या.
शाळा कर्णबधिर मुलांची; मुलं
आनंद झाला की दोन्ही हात वर करून नुसते हलवतात.
वाजवतो ते आम्हीच.

मला खजिनदार होऊन एकवीस दिवस झालेले.
त्याआधी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या हिशेबखात्यात,
तिथं शिकले ते एवढंच
की टाकी भरलेली दिसली
तर आधी खालचा वॉल्व्ह बघावा.

म्हटलं, सर, यातले तीन लाख
चौगुले वहिनींनी श्रवणयंत्रांसाठी दिलेत,
तसं पत्रात लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.
ते आपल्याकडे आहेत. आपले नाहीत.
सत्त्याण्णव हजार मे महिन्याचे पगार,
जून संपत आला.
पंधरा हजार ऑडिटरचे, गेल्या वर्षीचे.
उरला भोपळा.

"मग वळवू की तात्पुरते," कोणीतरी म्हणालं,
"संस्था आपलीच आहे."
गेल्या वर्षीही वळवले होते.
इतिवृत्तात त्याची ओळ नाही,
सह्या मात्र सात,
आणि सातवी माझी.
चार वर्षं मी बशीतला चहा संपवून
दाखवतील तिथं सही करत होते.

गणपा कप गोळा करत होता. याच शाळेत शिकला, इथंच शिपाई झाला.
त्यानं भुवया उडवून मगदूम बाईंना विचारलं, काय चाललंय?
बाई खुणांनी सांगत गेल्या.
"वळवणे" आलं आणि अडल्या.
मग एका तळहातावरून काहीतरी उचललं,
दुसऱ्यावर ठेवलं,
आणि पहिला तळहात तसाच
उघडा धरला.
गणपा त्या हाताकडे बघत राहिला.
मग बोट दाखवून विचारलं त्यानं: हा कुणाचा?

पंखा फिरत होता.

दस्तगीरभाई सतारी बनवतात, सभेत सहसा बोलत नाहीत.
म्हणाले, "भोपळा कोरताना
जितका पातळ करावा तितका आवाज गोड येतो.
मोह होतो.
पण नखाएवढी जाडी सोडायचीच,
गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.
नाहीतर रात्रीत तडकतो,
आणि आपण सकाळी म्हणतो, थंडीनं गेला."

मी लिहून घेतलं: वहिनींच्या पैशाचं खातं वेगळं.
तीन महिन्यांचे पगार साठेपर्यंत नवी खोली नाही.
दर महिन्याचा हिशेब मोठ्यानं वाचायचा,
आणि मगदूम बाईंनी हातांनी.

आडमुठे सर सही न करता उठले.
खाली त्यांची स्कूटर
चौथ्या किकला लागली.

सकाळी सातला फोन.
"ते पत्र," म्हणाले, "वहिनींचं.
कुठं ठेवलंय?
मी ते कधी
वाचलंच नव्हतं."